सियायातले ८७,००० शिलिंग: रोख मदत गावात कशी फिरते

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या अंगाला सियाया नावाची काउंटी आहे. बराक ओबामांच्या वडिलांचे कोगेलो हे गाव याच काउंटीतले. लुओ समाजाची वस्ती, पावसाच्या भरवशावर मका, जोडीला थोडी ज्वारी आणि घेवडा, सरोवराकडून येणारी ओमेना ही बारीक सुकी मासळी. जेवणात मुख्य पदार्थ उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तिच्याबरोबर पालेभाजी. सुगीत मका स्वस्तात विकायचा, कारण मुलांची फी थकलेली असते. आणि पुढच्या पेरणीनंतर घरातले धान्य संपले की तोच मका बाजारातून चढ्या भावाने आणायचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे चक्र समजावून सांगायची गरज नाही.

थेट रोख मदतीच्या जगात सर्वांत बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या प्रयोगांपैकी एक याच भागात झाला. ‘गिव्हडायरेक्टली’ ही अमेरिकी संस्था काही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काढली. त्यांचा विचार अगदी साधा होता. गरीब कुटुंबाला गाय द्यायची की शिलाई मशीन, हे दूरच्या शहरात बसून ठरवण्यापेक्षा पैसेच द्यावेत, आणि कशावर खर्च करायचे ते त्या घराने ठरवावे. प्रशिक्षणाची अट नाही, हजेरी नाही, पावत्या मागणे नाही.

गरीब कोण, हे ठरवण्यासाठी त्यांनी वर बघितले. ज्या घरावर गवताचे छप्पर ते पात्र, ज्यावर पत्रे ते अपात्र. निकष ओबडधोबड होता, पण त्यात मोठी सोय होती. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तलाठ्याकडे खेटे नाहीत, आणि गावातल्या कुणालाही यादी डोळ्यांनी तपासता येते. अर्थात खोटेपणाला वाव होताच. कुणी पत्र्याच्या घराशेजारी गवताची झोपडी उभारून तीच आपली म्हणून दाखवू शकतो. म्हणून नोंदणी एका गटाने करायची, पडताळणी दुसऱ्याने, आणि फेरतपासणी तिसऱ्याने, अशी पद्धत ठेवली होती.

पैसे जायचे एम-पेसावर. केनियात २००७ साली सुरू झालेली ही मोबाइल-पैशांची सेवा बँकेपेक्षा खोलवर पोचलेली होती. बँकेची शाखा गावापासून लांब, पण एम-पेसाचा एजंट बाजारच्या चौकातल्या किराणा दुकानातच बसलेला. संदेश आला की तिथे जाऊन रोकड काढायची. मध्ये सरपंच नाही, समिती नाही, त्यामुळे मधल्या मध्ये कुणाचा हातही ओला होत नाही. सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत कमी चर्चिली जाते, पण माझ्या मते बाकी सगळे तिच्यावरच उभे आहे.

पहिला अभ्यास २०११ ते २०१३ या काळात रारिएदा भागात झाला. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून कुटुंबे निवडली आणि रक्कमही वेगवेगळी ठेवली. काहींना २५,२०० शिलिंग, काहींना ९५,२००. काहींना एकरकमी, काहींना नऊ महिन्यांत विभागून. काही घरांत पैसे बाईच्या नावे, काहींत पुरुषाच्या.

लोकांनी पहिल्यांदा काय केले? पत्रे घातले. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हा वायफळ, दिखाऊ खर्च वाटण्याची शक्यता आहे. पण गवताचे छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावे लागते, गवत विकत आणावे लागते, पावसाळ्यात ते गळते, त्यात किडे होतात. दरवर्षी थोडे थोडे करून त्यावर जेवढे जाते त्याचा हिशेब मांडला तर पत्रा ही त्या कुटुंबाची चांगली गुंतवणूक ठरते. फक्त तिच्यासाठी रक्कम एकदम लागते, आणि तीच कधी जमत नाही. पत्र्यांखालोखाल जनावरे आली: गाय, शेळ्या, कोंबड्या. जेवणावरचा खर्च वाढला. दारू आणि तंबाखूवरचा वाढला नाही. ज्या प्रश्नावर आपल्याकडे पारावर तासन्‌तास वाद होतो, त्याचे उत्तर तिथे इतके सरळ निघाले.

संशोधकांनी लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तेही मोजले. सगळ्यांची सरासरी काढली तर फारसा फरक दिसला नाही. पण मोठी रक्कम मिळालेल्यांमध्ये आणि एकरकमी मिळालेल्यांमध्ये ते लहान रक्कम किंवा मासिक हप्ते मिळालेल्यांपेक्षा कमी होते. घरातली मारहाण कमी झाली. पैसे नवऱ्याला मिळाले तरी झाली. म्हणजे त्या मारहाणीतला बराचसा भाग टंचाईच्या चिडचिडीतून येत असावा.

आता या अभ्यासातली अडचणीची बाजू. तीन वर्षांनी त्याच संशोधकांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा मदत मिळालेली घरे त्याच गावातल्या न मिळालेल्या घरांपेक्षा मालमत्तेत बरीच पुढे होती. पण तुलना लांबच्या, मदतच न पोचलेल्या गावांशी केली, तर खर्चातला फायदा विरल्यासारखा दिसला. याचा एक अर्थ असा निघत होता की मिळालेले वर गेले नसून न मिळालेले शेजारी खाली गेले. रोख मदतीच्या टीकाकारांनी हे निष्कर्ष उचलून धरले, आणि त्यात गैर काही नव्हते. शंभर घरांच्या गावात तीस घरांना पैसे दिले आणि उरलेल्या सत्तर घरांना महागाई आणि मत्सर दिला, तर ती मदत कसली?

या प्रश्नाचा निकाल लावायला पुढचा प्रयोग झाला, आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

२०१४ ते २०१७ या काळात सियायाच्या अलेगो, उगुंजा आणि उक्वाला या भागांतली ६५३ गावे घेतली गेली. त्यांतल्या निम्म्या गावांत सगळ्या गवती छपरांच्या घरांना पैसे, उरलेल्यांत कुणालाच नाही. एकूण सुमारे १०,५०० कुटुंबे. प्रत्येकाला ८७,००० शिलिंग, त्या वेळचे साधारण हजार डॉलर. आधी छोटा हप्ता, मग ४०,०००चे दोन. कुटुंबाच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे पाऊणपट ही रक्कम होती. काही टापूंत तीनपैकी दोन गावे निवडली, काहींत तीनपैकी एकच, म्हणजे एखाद्या भागात पैसा दाट पडला तर काय होते तेही कळावे. ज्या वर्षी सर्वाधिक पैसे वाटले गेले त्या वर्षी त्या भागाच्या एकूण उत्पन्नाच्या १५ टक्के इतका पैसा बाहेरून आला. एखाद्या तालुक्याला एका वर्षात असा झटका बसला तर भाव भडकतील, असे कुठलाही व्यापारी छातीठोकपणे सांगेल.

भाव सरासरी ०.१ टक्के वाढले.

आणि ज्या घरांना एक शिलिंगही मिळाला नव्हता, त्यांचा खर्च दीड-एक वर्षानंतर मदत मिळालेल्या घरांच्या जवळपास तेवढाच, सुमारे १३ टक्क्यांनी, वाढलेला आढळला. बाहेरून आलेल्या एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल वाढली, असा अंदाज डेनिस एगर, हाउसहोफर, एडवर्ड मिगेल, पॉल नीहाउस आणि मायकेल वॉकर यांनी २०२२ साली प्रसिद्ध केला. यांतले नीहाउस हे गिव्हडायरेक्टलीचे सहसंस्थापक आहेत, शपिरोही होते, ही गोष्ट वाचकाने मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावी. काय मोजायचे हे आधीच जाहीर नोंदवून ठेवलेले होते, त्यामुळे हवे ते निष्कर्ष मागाहून निवडायला फारशी जागा नव्हती. तरी संशय घेणे हा वाचकाचा हक्क आहे.

अडीचपट कसे होते? गावच्या बाजारात पिठाची गिरणी असते. गिरणीवाला सकाळी येतो, दिवसभर बसतो, पाच-सहा गिऱ्हाइके येतात. यंत्र आहे, जागा आहे, माणूस आहे. कमी आहे ते दळण. शिंपी मशीनसमोर बसलेला, सायकल दुरुस्तीवाला झाडाखाली, किराण्याचा मालक फळीवर रेललेला. गावात पैसा आला की गिरणीवर सहाऐवजी दहा जणी येतात, आणि चार दळणे जास्त करायला गिरणीवाल्याला नवे यंत्र घ्यावे लागत नाही, दरही वाढवावा लागत नाही. त्याचे उत्पन्न वाढते, तो शेजारच्या पोराला हाताखाली घेतो, पोराची मजुरी किराणा दुकानात जाते. अभ्यासात नेमके हेच दिसले: दुकाने आणि छोट्या धंद्यांची विक्री वाढली, पण त्यांनी नवी गुंतवणूक फारशी केलेली नव्हती. न मिळालेल्या घरांना जो फायदा झाला तो मुख्यतः मजुरीतून. छपरावर पत्रे घालायला सुतार लागतो, आणि तो सुतार बहुधा पत्र्याच्या घरातला, म्हणजे यादीत न बसलेला असतो.

पहिल्या अभ्यासाच्या गळ्यात अडकलेला काटा यामुळे बराचसा निघाला. पूर्ण निघाला असे मी म्हणणार नाही, कारण पहिल्या वेळी पैसा विरळ पडला होता आणि दुसऱ्या वेळी दाट. कदाचित दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे असतील: गावातल्या मोजक्या घरांना मदत दिली तर शेजारी नुसते बघत राहतात, संपूर्ण टापूला दिली तर बाजार जागा होतो.

याच ८७,००० शिलिंगांचा एक परिणाम सुरुवातीला कुणी शोधतही नव्हते. संशोधकांनी नंतर त्या भागातल्या घरोघरी जाऊन बाळंतपणांची आणि बालमृत्यूंची नोंद घेतली. एक लाखाहून अधिक जन्म. २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की पैसे मिळाले त्या सुमारास जन्मलेल्या बाळांमध्ये वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. लस नाही, औषध नाही, आरोग्य शिक्षण नाही. दवाखान्यात जाऊन होणारी बाळंतपणे वाढली, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत व बाळंतपणानंतर बायकांचे कष्टाचे काम जवळपास निम्म्यावर आले. रोजंदारी चुकली तर चूल पेटणार नाही, ही धास्ती गेली तेव्हा बाई घरी थांबली. जिथून डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे परिणाम सर्वांत ठळक होता. लांबच्या वस्त्यांत पैसा होता, पण तो घेऊन जायचे कुठे? मेळघाटात किंवा धडगावात हाच पैसा वाटला तर निकाल रस्त्यावर आणि दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीवर अवलंबून राहील. पैसे देणे थांबल्यानंतर जन्मलेल्या बाळांमध्ये मात्र हा फायदा टिकला नाही.

सगळीकडे लोकांनी हात पुढे केला असे मात्र नाही. २०१५ मध्ये शेजारच्या होमा बे काउंटीत संस्था गेली तेव्हा तिथल्या जवळपास निम्म्या पात्र कुटुंबांनी पैसे नाकारले. फुकटात एवढी रक्कम कोण देतो? सैतानाची पूजा करणाऱ्या पंथाचा हा पैसा आहे, घेतला तर मुले गमवाल, अशी कुजबुज पसरली. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. त्या भागात अनेक संस्था येऊन, आश्वासने देऊन, फोटो काढून निघून गेलेल्या होत्या. ज्याच्या बदल्यात काहीच मागितले जात नाही त्याची किंमत नंतर वसूल होते, हा गरिबाचा अनुभव आहे. ‘बिनशर्त’ हा शब्द संस्थेच्या दृष्टीने सन्मानाचा, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने संशयाचा.

आता सियायाच्या आणि बोमेतच्या गावांत चालू असलेला तिसरा प्रयोग. माझ्या मते महाराष्ट्राने वाचावा तो हा. २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या या अभ्यासात १९५ गावांतल्या सगळ्या प्रौढांना, गरीब-श्रीमंत न बघता, पैसे दिले गेले. ४४ गावांना बारा वर्षे, रोज सुमारे पाऊण डॉलर या हिशेबाने दर महिन्याला. ८० गावांना तेवढेच, पण दोनच वर्षे. ७१ गावांना साधारण त्या दोन वर्षांची बेरीज, सुमारे ५०० डॉलर, एकदम. आणखी १०० गावे तुलनेसाठी. संशोधकांत तवनीत सुरी आणि अभिजित बॅनर्जी आहेत; २०१९ चे नोबेल मिळवणारे हे बॅनर्जी मुंबईत जन्मलेले आणि मराठी आईचे चिरंजीव, एवढा आपला धागा.

२०२३ मध्ये पहिल्या दोन वर्षांचे निकाल आले. लोक आळशी झाले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी सोडून स्वतःच्या धंद्याकडे वळले. एकरकमी मिळालेल्या गावांत नवे धंदे आणि त्यांचे उत्पन्न जास्त वाढले. बारा वर्षांची हमी मिळालेली गावेही त्यांच्या बरोबरीने होती. मागे पडला तो मधला गट, दोनच वर्षे दरमहा मिळणारा. वास्तविक पहिल्या दोन वर्षांत दरमहाच्या दोन्ही गटांच्या हातात एकसारखीच रक्कम आली होती.

गुपित भिशीत होते. केनियात भिशी घरोघरी चालते. तिकडे अशा गटांना ‘चामा’ म्हणतात. बारा वर्षे पैसे येणार हे ठाऊक असलेल्या लोकांनी मोठ्या प्रमाणात भिश्या लावल्या आणि मासिक हप्त्याचे रूपांतर स्वतःच गठ्ठ्यात करून घेतले. भिशीत नंबर मागे लागला तरी ज्याने गठ्ठा आधी उचलला तो पुढची वर्षे भरत राहणार, ही खात्री होती. दोन वर्षांवाल्यांना तेवढी उसंत नव्हती. त्यांचे पैसे जेवणाखाण्यात गेले. ते वाईट नाही. पण दुकान त्यातून उभे राहत नाही.

मग २०२० आले, बाजार बंद झाले, आणि भर घालणारा एक प्रसंग अभ्यासाला आयता मिळाला. मदत मिळणाऱ्या गावांत उपासमार कमी होती, आजारपणही थोडे कमी. पण ज्यांनी आधी हिंमत करून धंदे टाकले होते त्यांची कमाई बुडाली. महिन्याचा हप्ता होता म्हणून माणसाने जोखीम घेतली, जोखीम अंगावर आली, आणि त्याच हप्त्याने ताटात अन्न ठेवले. विमा म्हणतात तो हाच.

आपल्याकडे २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र बायकांना महिना १५०० रुपये मिळू लागले. पीएम किसानचे वर्षाला ६००० तीन हप्त्यांत येतात. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० आहेत. तिन्हींवरची चर्चा रकमेभोवती फिरते: १५०० चे २१०० कधी होणार? सियायाकडे पाहिले तर त्याइतकेच महत्त्वाचे दुसरे प्रश्न दिसतात. हप्ता किती वर्षे येईल हे त्या बाईला आज खात्रीने सांगता येते का? छाननीत नाव राहील की जाईल, ई-केवायसी अडकले तर काय, पुढच्या निवडणुकीनंतर काय, अशा धास्तीत आलेला हप्ता दोन वर्षांवाल्या गटासारखा खर्चून जातो. आणि जिला हवे असेल तिला वर्षाचे १८,००० एकदम उचलण्याची मुभा का असू नये?

एकदम पैसा लागणाऱ्या गरिबाला महाराष्ट्रात आजही तो मिळतो, पण कोणत्या दराने? बीडचे ऊसतोड जोडपे दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेते. लग्न, घर, दवाखाना यांपैकी काहीतरी भागते आणि मग ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. सातवा महिना असो की आठवा, बाईच्या डोक्यावर मोळी असते. त्या रकमेला व्याज लागत नाही असे कागदावर दिसते. सियायातला बालमृत्यूंचा आकडा वाचताना मला आठवण झाली ती या फडांची, आणि मातृवंदनेचा हप्ता बाईला कामावरून थांबवता येईल इतका मोठा आहे का आणि त्या महिन्यांत हातात पडतो का, या प्रश्नाची.

अडीचपटीचा आकडा मात्र कुणी आपल्या विधानसभेत उचलून आणू नये. सियायाचा पैसा परदेशी देणगीदारांचा होता. त्या गावांकडून बदल्यात काहीच घेतले गेले नव्हते. लाडकी बहीणचा वर्षाचा खर्च घोषणेच्या वेळी ४६,००० कोटी रुपये सांगितला होता, आणि तो राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे इतर खात्यांच्या वाट्यातून किंवा कर्जातून येतो. गिरणीवर चार दळणे वाढली आणि त्याच वेळी तालुक्याच्या रुग्णालयातली डॉक्टरची जागा भरायची राहिली, तर हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. सियायातही बालमृत्यूंवरचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो जवळच्या दवाखान्यात डॉक्टर होता तिथेच.

बारा वर्षांची हमी असलेल्या ४४ गावांचे हप्ते २०३० च्या सुमारास संपतील. तोवर तिथल्या भिश्यांत शेवटच्या नंबरावर बसायला कोण तयार होते, ते बघण्यासारखे असेल.